सोनाळ्याचं पिक्चर पाहणारे लोक

१

सोनाळ्यात रविवारी दुपारी कोणाकडे पाहुणा आला तर आधी त्याला कुलूप दिसतं. शेजारी चौकशी करावी तर तिथंही कुलूप. बिचारा पिशवी ओट्यावर ठेवून टेकणार, तेवढ्यात विहाराच्या बाजूच्या सभागृहातून सगळं गाव एकदम खदाखदा हसतं, आणि पाहुण्याला कळतं की मंडळी पिक्चर पाहायला गेली आहेत.

पिक्चरही आपलं नेहमीचं नाही. जे देश नकाशावर बोट फिरवून शोधावे लागतात, तिथली पिक्चरं. एका रविवारी बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या चार भांडकुदळ माणसांची बल्गेरियाची कॉमेडी. पुढच्या रविवारी मीठ काढणाऱ्या बायकांवरचा बोलिव्हियातला माहितीपट. त्याच्या पुढे मंगोलियाची एक रहस्यकथा, जिच्यात खून झालाय की नाही हेच शेवटपर्यंत समजेना. तुळशीराम काकांनी उठता उठता निकाल देऊन टाकला, "खून बिन काही नाही झाला बे. घोडं भलतीकडं गेलं, तेवढंच."

हा सगळा उद्योग रेणुकाचा. रेणुका माहेरची देऊळगाव राजाची, जळगाव जामोदच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. फारशी कोणी न पाहिलेली पिक्चरं हुडकायचं तिला वेड होतं. ती थेट दिग्दर्शकांनाच ईमेल लिहायची, आणि तेही बिचारे हरखून लिंक पाठवायचे, कारण त्यांची पिक्चरं त्यांच्या मामेभावांनीही पाहिलेली नसायची.

पण गावाला ही गोडी लावली ती तिच्या सासूनं, कौशल्याबाईनं. लग्न होऊन आल्यावर रेणुका एकदा लॅपटॉपवर असलंच काहीतरी पाहत बसली होती. कौशल्याबाई लसूण सोलत मागे येऊन बसल्या. त्यांना खालच्या इंग्रजी ओळी कुठून वाचता येणार?

"थो काय म्हणते, मले सांग ना."

रेणुकानं सांगितलं. कौशल्याबाईंनी नाक मुरडलं.

"तुह्या देऊळगावच्या बोलीत थो अजूनही परकाच वाटते. आपल्यासारखं बोलव त्याले."

मग सासूनं सुनेला वऱ्हाडी शिकवली. आधी शेजारच्या बाया आल्या, मग ओसरी पुरेना, मग विहाराच्या समितीनं सभागृह दिलं. नागसेन, म्हणजे रेणुकाचा नवरा, लॅपटॉप सांभाळायचा. प्रोजेक्टर तुळशीराम काकांचा. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, त्यामुळे खिडक्यांवर लग्नातले लाल-पिवळे पडदे लागायचे आणि भर दुपारी सभागृहात कुंकवासारखा उजेड पसरायचा. एरवी ज्या माइकवर बुद्धवंदना होते, तोच माइक घेऊन रेणुका पडद्याशेजारी उभी राहायची आणि खालची ओळ वाचून लगेच वऱ्हाडीत बोलायची. बर्फातल्या विधवेचं नाव रुख्मिणी व्हायचं, पोलीस अधिकाऱ्याचं शेषराव. गावाला सगळं ओळखीचं वाटायचं.

कौशल्याबाई पुढे सतरंजीवर, भिंतीला टेकून. त्यांची एक सवय होती. कोणी काही चुकीचं सांगितलं की त्यांना ते सहन व्हायचं नाही. रेणुकाची एखादी ओळ सुटली तरी भर सभागृहात आवाज यायचा, "नाही वं बाई, थसं नाही. मघाशी थो येगळंच बोलला." लोक हसायचे, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं.

२

नॉर्वे आणि आइसलँडच्या मधे समुद्रात फेरो नावाची बेटं आहेत. तिथल्या एका छोट्या गावावरचा माहितीपट त्या रविवारी लागला होता. धुकं, काळे कडे, माणसांहून मेंढरं जास्त, आणि घरांच्या छपरांवर चक्क गवत.

"छपरावर गवत?" तुळशीराम काका म्हणाले. "बकऱ्या वर चढत नसतीन काय?"

तेवढ्यात पडद्यावर एक मेंढी छपरावर चढली. सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

अर्ध्यानंतर मात्र पिक्चर एका जागी थांबलं. गावातलं लाकडी सभागृह, खुर्च्यांच्या रांगा, आणि लोक समोरच्या पडद्यावर काहीतरी पाहत बसलेले. कॅमेरा त्यांच्या पडद्याशेजारी ठेवलेला, त्यामुळे ते काय पाहताहेत ते दिसत नव्हतं. दिसत होती फक्त त्यांची तोंडं. मागे डाव्या हाताला एक बंद दार. दुसऱ्या रांगेच्या कडेला एक खुर्ची रिकामी.

एक मिनिट गेलं, दोन गेली. कोणी बोलेना. खाली ओळी येईनात. आणि रेणुकाच्या हातात माइक. कीर्तनकाराला अभंग आठवू नये तशी तिची गत झाली. लोक चुळबुळायला लागले तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं,

"हे लोक काय पाहून राह्यले, माहीत हाय? हे सोनाळ्याचं पिक्चर पाहून राह्यले! थे पाहा, म्हणते, लाल पडद्याचं गाव. आन थो पाहा तुळशीराम, पिक्चर सुरू झालं का घोरते!"

सभागृहात हशा फुटला. आणि त्याच क्षणी पडद्यावरची तोंडंही हसली. पुढच्या रांगेतला दाढीवाला मांडीवर हात मारून हसला, चष्म्यावाल्या बाईनं तोंडावर हात धरला.

"टायमिंग काय जमलं वं तुह्यं!" नागसेन लॅपटॉपमागून ओरडला.

मग काय, रेणुकाला सुरसुरी आली. तिनं पुढेच बसलेल्या गावच्या पोलीस पाटील शेषरावांच्या मिशीवर एक टोला हाणला. इकडे हसले, तिकडेही हसले. तिनं मुद्दाम थोडं थांबून बोलायला घेतलं. तीही थांबली होती. म्हणजे ती तोंडं. तिच्याकडे पाहत, पुढचं वाक्य ऐकायला.

"थे खुर्ची कोनाची हाय?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"राखून ठेवली अशीन कोणासाठी," रेणुका माइकवर म्हणाली.

पडद्यावरच्या चष्म्यावाल्या बाईनं हळूच वळून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि खुर्चीच्या पाठीवरची धूळ हातानं झटकली.

त्या दिवशी लोक घरी गेले ते पोट धरून. सोनाळ्यात त्या पिक्चरचं नाव पडलं 'तोंडाइचं पिक्चर', आणि ते पुन्हा लावा म्हणून सगळ्यांचा धोशा सुरू झाला.

३

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर रेणुकानं दाराची कडी लावली आणि लॅपटॉप उघडला. तिला फक्त एवढंच पाहायचं होतं की हशा नेमका कुठे आहे.

हशा कुठेच नव्हता.

तोंडं होती, तीच. दाढीवाला, चष्म्यावाली, मागचं बंद दार. पण कोणी हसत नव्हतं. अगदी गप्प, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली. तिनं मागे नेलं, पुढे नेलं. काही नाही.

रेणुका शिकलेली बाई. तिनं स्वतःला समजावलं की दिग्दर्शकानं दोन वेगळ्या प्रती पाठवल्या असतील. मग आठवलं, लिंक एकच होती. मग म्हणाली, हसऱ्या सभागृहात बसलं की पडद्यावरचेही हसल्यासारखे वाटतात, मनाचे खेळ. हे तिला पटलंसुद्धा. बाहेर पिठाची गिरणी पुकपुक करत होती, स्वयंपाकघरात कौशल्याबाई भाकरी थापत होत्या. अशा घरात माणूस कशाला घाबरेल?

म्हणून तिनं गंमत म्हणून, अगदी हळू आवाजात, लॅपटॉपला म्हटलं, "काय हो, आज काऊन गप्प?"

चष्म्यावाली बाई जराशी पुढे झुकली. बारीक आवाज ऐकताना माणूस झुकतं तशी.

रेणुकानं झाकण लावलं. कितीतरी वेळ तिचा तळहात झाकणावर दाबलेलाच होता. मग ती स्वयंपाकघरात जाऊन कौशल्याबाईंना अगदी खेटून बसली.

"काय झालं वं?"

"काही नाही, आत्याबाई. भाकरीचा वास चांगला येऊन राह्यला."

४

त्याच आठवड्यात कौशल्याबाईंना धाप लागली. खाटेवरून उठल्या की पुन्हा बसावंच लागायचं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि वय पाहता जोखीम आहे.

कौशल्याबाईंचा अकोल्यावर राग होता. त्यांचे यजमान पुंजाजी रेणुकाच्या लग्नाआधीच अकोल्याच्याच दवाखान्यात वारले होते. रेणुकानं सासऱ्यांना पाहिलं होतं ते फक्त भिंतीवरच्या फोटोत.

"तुहे मामाजी तिथं गेले ते परत नाही आले," त्या म्हणाल्या. "मले नोका नेऊ."

रेणुकानं त्यांचे हात धरले. तिला स्वतःलाच भीती वाटत होती आणि ती लपवायची कशी हे तिला येत नव्हतं. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. ज्या बाईनं तिला या गावाची बोली दिली, माइक हातात दिला, तिच्याशिवाय हे घर कसं असेल हे तिच्या डोक्यात बसतच नव्हतं. ती रडली, सरळ रडली. मग कौशल्याबाईच तिची समजूत घालायला लागल्या आणि त्या नादात दवाखान्यात जायला कबूल झाल्या.

जाताना त्यांनी एकच अट घातली. "पिक्चर बंद नाही पडलं पाह्यजे. थे तोंडाइचंच लाव या रविवारी. लोकं मांगून राह्यले."

"तुम्ही नसताना?"

"मी काय पिक्चर घेऊन चालली काय सोबत?"

सोमवारी ऑपरेशन ठरलं. नागसेन तिथं थांबला. खाटेपाशी एकालाच बसू देत होते, म्हणून रविवारी रेणुका सोनाळ्यात परत आली.

५

सभागृह त्या दुपारी गच्च भरलं होतं. कौशल्याबाईंची भिंतीजवळची जागा मात्र लोकांनी आपोआप सोडली होती. लॅपटॉपपाशी तुळशीराम काका बसले. पंखे घरघरत होते. लाल उजेडात रेणुकानं माइक हातात घेतला आणि मनाशी ठरवलं की तोंडं आली की आपण गप्प राहायचं.

धुकं झालं, मेंढी छपरावर चढली, टाळ्या झाल्या. तोंडं आली.

दुसऱ्या रांगेच्या कडेची खुर्ची रिकामी नव्हती.

रेणुकानं आधी नजर खाली घेतली. प्रोजेक्टर जुना आहे, म्हणाली मनात. पडद्याला सुरकुती आहे. वर पाहिलं तर खुर्चीवर हिरव्या लुगड्यातली एक बारीकशी म्हातारी बसली होती, आणि चष्म्यावाली बाई तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती. म्हातारीचं तोंड अर्ध्या अंधारात होतं. पण पदरानं नाक पुसायची ती तऱ्हा साऱ्या जगात एकाच बाईची होती.

सभागृहात बाकी कोणाला काही दिसलं असेल तर कोणी बोललं नाही. ते सगळे रेणुकाच्या बोलण्याची वाट पाहत होते. पडद्यावरचेही.

मग मागचं दार उघडलं. थोडंसंच. फटीतून पांढरा उजेड आत आला आणि त्या उजेडात बाहेर कोणीतरी उभं होतं. म्हातारीनं मान वळवून तिकडे पाहिलं. गुडघ्यांवर हात टेकून ती उठली आणि दाराकडे चालू लागली.

काय चाललंय हे रेणुकाला कळत नव्हतं, पण ती बाई त्या दारापर्यंत जायला नको एवढं तिला पक्कं कळत होतं.

ती बोलायला लागली. तुळशीराम काकांचं घोरणं, शेषरावांची मिशी, येईल ते. दोन्हीकडची माणसं हसली. म्हातारी थांबली नाही. रेणुकानं माइकमध्ये हाक मारली, "आत्याबाई!" आवाज फाटला, माइक किंचाळला. म्हातारी चालतच होती. आता दार तीन खुर्च्यांवर होतं.

आणि मग रेणुकाला सुचलं. तिनं आवाज अगदी सहज केला, चहा पिताना गप्पा माराव्यात तसा.

"बरं का मंडळी, तुम्हाले एक खरी गोष्ट सांगतो. दरसाल इथं पंगतीले रोडगे कोण करते? आमच्या आत्याबाई. आन लोकं उगीच वाहवा करते. खरं सांगू? त्याइचे रोडगे कच्चे राह्यते."

सोनाळ्याचं सभागृह हबकलं. कौशल्याबाईंचे रोडगे! गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, तुपात बुडवलेले, ज्यांच्यासाठी जळगाव जामोदहून माणसं येतात!

"खोटं हाय!" मागून एक बाई ओरडली.

"सूनबाई, काय बोलून राह्यली तू?" तुळशीराम काका उभेच राहिले.

"मधात पीठच असते," रेणुका रेटून म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि आवाज हसत होता. "गेल्या साली तं गोवऱ्याही ओल्या होत्या. आन वांग्याच्या भाजीत मीठ टाकायचं तं त्या इसरल्याच!"

पडद्यावर म्हातारी थांबली.

दाराच्या कडीवर तिचा हात होता. ती तशीच उभी राहिली, पाठमोरी. सभागृहात एकच गलका उठला होता, सगळे मिळून रेणुकाला खोटं पाडत होते, आणि फेरोवाली तोंडंही एकमेकांकडे वळून बोलायला लागली होती. म्हातारीनं कडीवरचा हात काढून कमरेवर ठेवला. मग ती वळली.

तिनं पडद्यातून सरळ रेणुकाकडे पाहिलं. तोंड उघडलं. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, कारण त्याच क्षणी कॅमेरा समुद्रावर गेला, कड्यांवर पाखरं उडाली, आणि पुढचं पिक्चर आधीसारखंच चालू राहिलं.

६

दिवे लागले तरी लोक रेणुकाशी भांडतच होते. तिनं सगळ्यांना हात जोडले. मग पिशवीतला फोन वाजला. नागसेन होता, आणि तो एकाच वेळी रडत आणि हसत होता.

"आईची मशीनवरची रेघ सरळ झाली होती वं. आता, थोड्या वेळापयले. डॉक्टर धावले, मले बाहेर काढलं. मले वाटलं संपलं सारं."

"आन?"

"आन आली परत. डॉक्टर म्हणते, अशी परत येताना आम्ही कोणाले पाह्यलं नाही. शुद्धीवर आल्या आल्या भांडून राह्यली. कोणाशी, काही समजत नाही. 'कच्चे नव्हते, कच्चे नव्हते,' एवढंच म्हणते. काय कच्चं नव्हतं, तुले काही समजते काय?"

रेणुका सतरंजीवर खाली बसली. तिला हसू आवरेना.

७

ऑपरेशन चार दिवस पुढे ढकललं आणि नीट पार पडलं. महिन्याभरानं कौशल्याबाई सभागृहात आल्या तेव्हा गावानं त्यांना हार घातला. त्यांनी हार काढून आधी रोडग्यांबद्दल जाहीर खुलासा केला. गोवऱ्या सुक्या होत्या, मीठ बरोबर होतं, आणि सुनेनं असं काऊन म्हटलं ते त्यांचं त्या पाहून घेतील. लोक लोटपोट झाले.

त्या दिवशी पोर्तुगालची एक कॉमेडी होती. लोक बसत होते. रेणुकानं सासूला भिंतीला टेकवून बसवलं, पाठीशी उशी दिली. कौशल्याबाई थोड्या सरकल्या आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली. तुळशीराम काका तिथं टेकायला आले.

"तिथं नोको," त्या म्हणाल्या.

काका दुसरीकडे गेले. रेणुका खाली वाकली. तिनं आजवर काही विचारलं नव्हतं. आताही तिनं फक्त त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"दाराच्या बाहेर तुहे मामाजी होते," कौशल्याबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. रोजच्याच आवाजात, भाजी काय करायची ते सांगावं तसं. "लय साल झाले, तरी थेच धोतर. चाल म्हणे. मी निघालीच होती, पण तू काय खोटंनाटं सांगून राह्यली थे आयकू आलं. म्या म्हणलं, थांबा जरासक, आधी हे निस्तरतो."

"मग?"

"मग काय? किती वेळ उभं ठेवाव मानसाले थंडीत? म्या म्हणलं, थांबाचंच हाय तं माह्या घरी चाला. सून पिक्चर दाखवते, पाहान तरी."

पंखे घरघरत होते. लाल पडदे हलत नव्हते. रेणुकाच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी तिला आपल्या सासूचा इतका अभिमान वाटला की तिनं भर सभागृहात त्यांच्या गालाला हात लावला.

पडद्यावर पहिलं चित्र आलं. ती माइककडे वळली तेवढ्यात कौशल्याबाईंनी तिचा पदर ओढला.

"आन पोरी, जराशी जोरानं बोलजो. त्याइले कमी आयकू येते."

रेणुकानं तुळशीराम काकांना आवाज वाढवायला सांगितला, घसा साफ केला आणि पुढे पाहत बोलायला सुरुवात केली.